कानातला सा

गवताचे ट्रक दिसायला लागले की माझं डोकं फिरतं. दसरा होतो, डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं विळे घेऊन खाली उतरतात, माळावर पुरुषभर वाढलेलं गवत आडवं पडतं आणि आठ दिवसांत आमच्या रस्त्यानं ते ट्रक सुरू होतात. गाठी इतक्या उंच रचलेल्या असतात की विजेच्या तारांना लागतील. वर बसलेला माणूस बांबूनं तार उचलून धरतो आणि ट्रक खालून सरकतो. मागे रस्ताभर काड्या. पालघरपासून बोईसरपर्यंत हवेला एकच वास, गोडसर आणि कोरडा. आमच्याकडे मुंबईचे पाहुणे येतात, ओट्यावर उभे राहून छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, वा! मी म्हणतो, घ्या, फुकट आहे. आणि उजव्या कानात करंगळी घालून आत निघून जातो.

करंगळी घालून काही होत नाही. आतला आवाज बाहेरून बुजत नसतो. पंधरा वर्षांची सवय आहे, दुसरं काय.

त्या वर्षी मी एकतीस वर्षांचा होतो. बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. मुरब्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथून सकाळच्या पाळीच्या बसनं जायचं आणि दुपारी परत यायचं. पण मला कोणी विचारलं असतं की तू काय करतोस, तर मी कारखान्याचं नाव सांगितलं नसतं. मी गावच्या भजनी मंडळाचा पेटीवाला होतो. तेवढंच मला खरं वाटायचं. मंडळाची पेटी माझ्याच घरी असायची, कारण ती मी एकट्यानंच सांभाळावी असा माझा हट्ट होता. समुद्र दोन हाकांवर. खाऱ्या वाऱ्यानं पेटीतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट कळंक चढतो, सूर हलतात. एका जुन्या कारागिराच्या शेजारी बसून बसून मी ते काम शिकलो होतो. पट्टीखाली कागद सरकवायचा, दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं टोकाशी हलकेच खरवडायचं, सूर चढतो. मुळाशी खरवडलं की उतरतो. एका वेळी केसभर. पंचक्रोशीत हे काम माझ्याशिवाय कोणाला येत नसे आणि मी ते लोकांना विसरू देत नसे.

गणपतीपासून खोकला होता. नवरात्रात थुंकीत रक्त दिसलं. पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, दोन वेळा फिरवून बघितला आणि म्हणाले, "क्षय आहे. घाबरू नका, आता बरा होतो." मग बोटांवर मोजत सांगायला लागले. वेगळी खोली, वेगळं ताट. खिडकी सतत उघडी. घरातल्या लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही. नव्वद इंजेक्शनं, रविवार सोडून रोज एक. मी विचारलं, "भजन?" ते म्हणाले, "गायचं नाही. पेटी वाजवा हवी तर, हातांना काही झालेलं नाही." मी उठलो तेव्हा त्यांनी पुन्हा बसवलं. "एक लक्षात ठेवा. या सुईनं काही जणांच्या कानाला त्रास होतो. कानात गुणगुण झाली, चक्कर आली, तर त्याच दिवशी सांगायचं. औषध बदलता येतं."

"मग बरं व्हायला?"

"थोडा वेळ जास्त लागेल."

माघात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह असतो. दसऱ्यापासून नव्वद सुया मोजल्या तर मी सप्ताहाला जेमतेम बाहेर पडत होतो. त्यामुळे डॉक्टरांचं शेवटचं वाक्य माझ्या मनात पक्कं बसलं आणि त्याच्या आधीचं मी पालघरच्या स्टँडवरच सोडून आलो.

घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती, सुपाऱ्या आणि नारळ ठेवायची. ती प्रमिलानं, माझ्या बायकोनं, सारवून दिली. एक खाट, एक माठ, एक खिडकी. दाराला आतून कडी नव्हती, बाहेरून होती. ती कधी लावली नाही, पण होती. आमची छबी तेव्हा अडीच वर्षांची. "बाबा कुटं?" करत ती दाराशी यायची आणि प्रमिला तिला उचलून न्यायची. पहिल्या आठवड्यात तो रडण्याचा आवाज मी उशी तोंडात धरून ऐकला. मग प्रमिलाच्या डोक्यात एक कल्पना आली. तिनं छबीच्या पायात बारक्या घुंगरांचे पैंजण घातले. दाराबाहेरून म्हणाली, "आता ती घरात कुटं फिरते ते तुमाला कलंल. बगायला नाय मिलत, तर ऐका तरी." आणि खरंच, ओटी, माजघर, तुळस, परत माजघर, सगळं मला खाटेवरून दिसायला लागलं. बसली की घुंगरं गप्प. पळाली की सरसर. पडली की आधी घुंगरं वाजायची आणि मग भोकाड.

पेटी खोलीतच राहिली. ती मंडळानं परत मागितली नाही. मला भरून आलं, काय हा विश्वास! खरं कारण नथूदादानं सांगितलं. नथूदादा मुरब्याचा, होडीवर जाणारा माणूस. आमचा पखवाजवाला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि तोंडाचा फाटका. मागच्या वईपलीकडे, कुंपणाबाहेर, तो येऊन बसायचा, मध्ये वीस पावलं अंतर, आणि तिथून ओरडून बोलायचा. "पेटी नको म्हंतात. भात्यात तुज्या खोलीतली हवा भरलेली हाय ना! भाता हलवला का ती सगली देवलात येल. बुवा तं म्हनतो, त्या हवेत गायलो तं माजी बी छाती जाईल." आणि स्वतःच खदखदून हसला. मीही हसलो. तो गेल्यावर मी पेटीचा भाता उघडला, हळूहळू मिटला आणि तोंडावर येणारी हवा हुंगून पाहिली. जुन्या चामड्याचा वास होता. मग किती तरी वेळ मी पेटीला हात लावला नाही.

हल्ली मासिकांत लेख येतात, घरी अडकलात तर रिकामा वेळ कसा घालवाल. त्यात लिहिलेलं असतं, बागकाम करा, वाचन करा, एखादं वाद्य शिका. ज्याला वाद्य येतं आणि ज्याच्याबरोबर वाजवायला कोणी नाही, त्यानं काय करावं ते कोणी लिहीत नाही. मी सांगतो त्यानं काय करावं. त्यानं पहिले दोन आठवडे कौलं मोजावीत. मग खाटेच्या कडेवर बोटं चालवून मुकी पेटी वाजवावी आणि मनातल्या बुवाला दाद द्यावी. मग सगळे अभंग नव्या वहीत उतरवून काढावेत, अक्षर आवडलं नाही म्हणून पानं फाडावीत, पुन्हा उतरवावेत. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की ते उन्हात ठेवावेत, अर्धा तास गाणं ऐकावं, पुन्हा उन्हात ठेवावेत. आणि हे सगळं करून झाल्यावर, म्हणजे साधारण विसाव्या सुईला, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं तर आपटावं. मी आपटलं. दोनदा. पलीकडून प्रमिलाला वाटलं नारळ पडला.

त्या दिवशी मी एक खेळ काढला. खिडकीतून जो आवाज येईल त्याचा सूर ओळखायचा आणि वहीत मांडायचा. रस्त्यापलीकडे गवताची वखार होती. तिथं गाठी दाबायचं लाकडी प्रेस होतं, चार माणसं दांडा ओढायची आणि ते कण्हायचं. त्याचा कोमल रिषभ. वाडीतला पंप, मंद्र पंचम. विहिरीचा रहाट निषादावरून घसरत यायचा. एसटीच्या हॉर्नचे दोन सूर, मध्यम आणि धैवत. होडीच्या इंजिनाला सूर नाही, नुसता ताल. गवतातले किडे दिवसभर एका सुरात कुरकुर करायचे, तो वरच्या पट्टीतला इतका बारीक की पेटीत सापडेना, म्हणून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. छबीच्या घुंगरांपुढेही प्रश्नचिन्ह. अशी चार पानं झाली. त्या खेळानं मला जगवलं असं मी तेव्हा म्हणायचो. आज ती वही मला उघडवत नाही.

चाळिसाव्या सुईच्या आसपास एका दुपारी मला तो सूर ऐकू आला.

आधी वाटलं, ट्रान्झिस्टर चालू राहिला. मग वाटलं, वखारीत नवं यंत्र आलं. खिडकी लावली, तरी येत होता. दोन्ही हातांनी कान झाकले तर जास्तच स्पष्ट झाला. उजव्या कानात, आत खोल, एक बारीक, न थांबणारा सूर. ना वर ना खाली. मी पेटी जवळ ओढली आणि एकेक पट्टी दाबत गेलो. आमचे बुवा काळी दोनमध्ये गातात. त्या पट्टीच्या वरच्या सा पाशी तो सूर येऊन टेकला असं मला वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण मी रडलो, आणि ते भीतीनं नव्हे. दीड महिना मला कोणी सूर दिला नव्हता. देवानं आत तंबोरा लावून दिला असं मला वाटलं.

डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं आठवलं. सुई द्यायला रोज सकाळी सायकलवरून कंपाउंडर यायचे, सुई उकळायची डबी पिशवीत घालून. भला माणूस. औषध ओढून घेताना मान खाली घालून रोज तेच विचारायचे, "कानात काही आवाज? चक्कर?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. माझ्या कानात सा वाजत होता.

"नाय," मी म्हणालो.

एकदा म्हटल्यावर मग सोपं गेलं. पन्नास दिवस मी त्या माणसाच्या टाळूकडे बघत नाय म्हणत राहिलो. का? सप्ताह हुकला असता म्हणून. पुन्हा महिना-दोन महिने या खोलीत काढावे लागले असते, ते मला जमलं नसतं म्हणून. छबीला उचलायला आणखी उशीर झाला असता म्हणून. ही सगळी कारणं खरी आहेत. पण सगळ्यांच्या तळाशी एक होतं, की तो सूर मला हवा होता. औषध बदललं तर तो जाईल अशी मला भीती वाटत होती. माझ्याइतका मूर्ख माणूस वाजंत्र्यांमध्येच सापडायचा. शेतकऱ्याच्या कानात गुणगुणलं असतं तर तो दुसऱ्या मिनिटाला ओरडला असता.

मग पेटी बेसूर वाटायला लागली.

वरच्या सप्तकातले सूर आधी बिघडले. कानातला सा एकीकडे, पेटीचा सा त्याच्या जरा खाली. वाटलं, खारा वारा. दर वर्षी होतंच. उलट बरं वाटलं, काम मिळालं. ब्लेड मागवलं, झाकण काढलं, कागद सरकवला आणि कामाला बसलो. कानातल्या सुराशी एकेक पट्टी जुळवायची. टोकाशी केसभर खरवड, फुंकर, लाव, भाता, ऐक. पुन्हा केसभर. सा जुळला की त्याच्या हिशेबानं नि, मग ध, मग प. आठ दिवसांत वरचं सप्तक झालं. तोवर मधलं खाली वाटायला लागलं. ते घेतलं. ते होईतो वरचं पुन्हा हललेलं. खिडकीच्या उजेडात पितळेचा बारीक भुगा माझ्या लुंगीवर चमकायचा. इतकं मन लावून मी आयुष्यात काही केलं नाही. खोकला कमी झाला होता, वजन वाढत होतं. प्रमिला फटीतून बघून म्हणायची, "रंगलेत हो तुमी!"

नथूदादा वईपलीकडे पखवाज घेऊन आला त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा भांडलो. त्यानं डाव्या पुडीला कणीक लावली, उजवी हातोडीनं ठोकून सुरात घेतली आणि म्हणाला, "दे सा." मी दिला. त्यानं मान हलवली. "परत दे." परत दिला.

"भास्कर, पेटी चढलीया रं."

"तुजा पखवाज उतरलाय."

"आरं मी आत्ता देवलातनं येतोय. बुवाच्या गल्याशी मिलवून आनलाय."

"मंग बुवाचा गला उतरला आसंल! थंडी पडलीया."

वीस पावलांवरून तो माझ्याकडे बघत राहिला. माझी हाडं अजून वर आलेली, अंगावर दोन शाली. मग त्यानं हातोडी उचलली आणि पखवाज ठोकत ठोकत वर नेला, माझ्या पेटीला मिळेपर्यंत. आम्ही तासभर वाजवलं. मी जिंकलो होतो. आजाऱ्याला जिंकू देतात हे मला कळलं नाही. लहान पोरांना जसं जिंकू देतात तसंच देतात.

त्या वहीत पुढच्या पानांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. "किडे बंद. थंडी." खाली, "बुलबुल गेले वाटतं." त्याच्याखाली, "रहाटाला कोणी तेल घातलं. वाजत नाही." आणि एका पानावर मोठ्या अक्षरात, "आता बाहेर कसं शांत झालंय." गवताचा हंगाम सरत आला होता, माळ रिकामे झाले होते, जगातले आवाज जरा कमी होणारच अशी मी समजूत घातली होती. एकेक आवाजावर मी काट मारत गेलो. कोणा दुसऱ्यानं ती पानं ओळीनं वाचली असती तर त्याला पाच मिनिटांत समजलं असतं. मीच लिहिलेली, मीच वाचत होतो.

एका सकाळी प्रमिला दाराशी पेज ठेवायला आली तेव्हा मी चिडलो होतो.

"पोरीचे पैंजन का काडलेस?"

"कंदी काडले?"

"दोन दिस झाले, वाजत नायत. तेवडंच मला व्हतं, ते पन तुला बगवलं नाय?"

पेज तिथंच ठेवून ती आत गेली आणि छबीला घेऊन आली. नियम मोडून, दारापासून चार हातांवर तिला उभी केली. पोर हसत होती. पायात पैंजण होते. प्रमिला म्हणाली, "नाच गं." ती नाचली. दोन्ही पाय जमिनीवर आपटून, गोल गोल. मला पावलांचे आवाज आले, धप धप. बाकी काही नाही.

"घुंगरं झिजलीत," मी म्हणालो.

प्रमिलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. ती हळूच म्हणाली, "आज कंपाउंडरला सांगा." मी हो म्हणालो. कंपाउंडर आले, मान खाली घालून त्यांनी विचारलं. चौऱ्याऐंशीवी सुई होती. सहा राहिल्या होत्या. मला वाटलं, सहाच तर आहेत.

मी उठून बसलो की भिंती किंचित सरकायच्या. त्याला मी अशक्तपणा म्हणत होतो.

सप्ताहाच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी कागद लिहून दिला की थुंकीत आता काही नाही. त्यांनीही कानांचं विचारलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत नाय म्हणालो. मंडळाच्या लोकांनी पेटी देवळासमोर भाता उघडा ठेवून तीन दिवस उन्हात ठेवली. मला हसू येत होतं. माझ्या खोलीतली हवा उन्हात वाळत पडली होती. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माझ्या जागेवर बसलो. बायकांच्या बाजूला प्रमिला छबीला मांडीवर घेऊन बसली होती. पन्नास दिवस मी या क्षणासाठी खोटं बोललो होतो. बुवांनी डोळे मिटले. मी सा दिला.

बुवांनी आलाप घेतला आणि थांबले. घसा खाकरला. पुन्हा सुरू केलं, दुसऱ्या ओळीत वर गेले आणि पुन्हा थांबले. टाळकऱ्यांमध्ये कुजबुज झाली असावी, कारण माना वळलेल्या दिसल्या. तिसऱ्यांदा बुवा न गाताच माझ्याकडे वळले. "भास्कर, आज पेटी राहू दे. नुसता पखवाज नि टाल. तू दमशील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी देवळात उभा राहून ओरडलो. "भात्याला घाबरता? डागदरचा कागद हाय माज्याकडं! तीन दिस उनात नाय ठेवली पेटी? आजून कसली हवा हाय तिच्यात?"

सगळे खाली बघत होते. नथूदादा पखवाज बाजूला ठेवून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं मला खाली बसवलं आणि डाव्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "भाता नाय रं बाबा. सूर. वरचे सगले गेले. मला वईपासनंच म्हाईत व्हतं. मी सांगाया पायजे व्हतं." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्याचं म्हणणं पटलं नाही. माझ्या कानाला पेटी आयुष्यात कधी नव्हती इतकी सुरात होती.

कोणीतरी माझ्या हातात टाळ दिले. नुसतं बसवत नाही म्हणून दिले असतील. भजन सुरू झालं. चाळीस माणसांनी टाळ उचलले आणि एकदम वाजवले. टाळांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, सगळं देऊळ त्यानं भरून जातं. मी लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज ऐकला. खट खट खट. मला वाटलं, सगळे मिळून माझी थट्टा करतायत. मी माझ्या हातातले टाळ कानाशी नेले आणि जोरात वाजवले. खट. पुन्हा वाजवले. खट. समोर छबी टाळ्या पिटत होती, तिच्या पायांतलं ते चांदीचं काहीतरी हलत होतं. तेव्हा मला कळलं.

डॉक्टर नंतर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर वाचलं असतं. गेलेलं परत येत नाही." छाती साफ झाली होती. त्या छातीवर मी अजून जगतोय, सायकल चालवतो, कारखान्यात ओव्हरटाइम करतो. मंडळानं नवी पेटी घेतली आणि जुनी मला देऊन टाकली. वाणगावचा एक मुलगा आता पेटीला बसतो. चांगलं वाजवतो म्हणतात. माझ्या कानाला त्याची पेटी बेसूर लागते. सगळ्या जगाच्या पेट्या बेसूर लागतात. फक्त मी खरवडलेली तेवढी सुरात लागते. घरात कोणी नसलं की मी ती काढतो, तिच्या लाकडाला कान टेकवून वरच्या सप्तकात दोन ओळी वाजवतो आणि आतल्या सा शी ती अशी मिळते की अंगावर काटा येतो. वखारीवरचे लोक तेव्हा माझ्या घराकडे बघून हसत असतील. हसोत.

छबी आता पालघरला कॉलेजात जाते आणि ती गाते. गावात म्हणतात, भास्करच्या पोरीचा गळा देवानं सवडीनं घडवलाय. बाबांचा कान जड आहे हे तिला माहीत आहे, ती माझ्याशी जोरात बोलते. पण गाणं मला ऐकू येतं असं ती धरून चालते, कारण मी तिला तसं वाटू दिलंय. संध्याकाळी ती माझ्याच पेटीचा खालचा सा दाबून बसते. तो ठीक आहे, तिथवर माझं ब्लेड पोचलं नव्हतं. ती खालच्या सुरांत असते तोवर माझी असते. मध्यावर आली की धूसर होते. वर गेली की ओठ हलताना दिसतात आणि गळ्याची एक शीर ताणलेली दिसते. मी त्या शिरेवरून ओळखतो. शीर ताणली की मान डोलवतो, ती खाली आली की हात उचलून वा म्हणतो. अजून एकदाही चुकलो नाही. प्रमिला हे बघते आणि उठून आत जाते.

काल संध्याकाळी छबी अशीच गायला बसली. कॉलेजात कसली तरी स्पर्धा आहे. रस्त्यावरून गवताचा ट्रक चालला होता, खिडकीतून काड्या आत येत होत्या. ती चढत गेली. शीर ताणली, तोंड उघडलं, डोळे मिटले. किती तरी वेळ तशीच होती. मग डोळे उघडून तिनं विचारलं, "बाबा, वरचा सा लागला?"

"लागला," मी म्हणालो. "वा! आसा कंदीच लागला नव्हता."

तिनं पेटीवरचा हात काढला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"मी गायलेच नाय, बाबा. नुसतं तोंड उगडलेलं."

ट्रक गेला होता. दारात प्रमिला उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं आता काहीतरी बोलावं, ट्रकचं निमित्त सांगावं, थट्टा करावी. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मला खोटं बोलवलं नाही. कानात सा वाजत होता, स्वच्छ, अगदी बरोबर.

"कंदीपास्नं?" छबीनं विचारलं. तिनं हळू विचारलं असावं, मी ते ओठांवरून वाचलं.

"तुज्या पायात पैंजन व्हते," मी म्हणालो, "तवापास्नं."